एका गोळीचे दोन डबे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढे हातून लिहिणं झालं ते किराण्याच्या यादीपुरतं. हे मी कोणाला दाखवणार नाही. पण माझ्यामागे पेटी आवरताना कोणाच्या हाती पडलंच, तर त्याने चुका सोडून द्याव्यात आणि टेंभेकर भाऊजींचं तेवढं नीट वाचावं. त्यांच्याबद्दल मला बोलता येत नाही. बोलायला लागले की नितीन, माझा मुलगा, मोबाइलवरून मान वर करून बघतो आणि मी गवारीच्या भावावर येते.

भाऊजी माझ्या नात्याचे कोणी नव्हते. माझे यजमान इथल्या, भोपाळच्या, मोठ्या कारखान्यात हेल्पर होते आणि भाऊजी त्याच कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर. यजमान गेले तशी मी इंद्रपुरीतल्या आमच्या घरातून डबे द्यायला लागले. भाऊजी रिटायर झाले, त्यांची बायको लांबलेल्या दुखण्यात गेली, आणि एक दिवस ते आमच्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, मी टेंभेकर. तुमच्या ह्यांच्याबरोबर कँटीनमध्ये चहा प्यायचो. एका वेळचा डबा मिळेल का?" ते वहिनी म्हणाले म्हणून मी भाऊजी म्हटलं. पुढे आम्ही एकमेकांना दुसऱ्या कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

एका वेळचा डबा ते दोन वेळा पुरवून खात. मी म्हटलं होतं, मुलाबरोबर घरी पाठवते, लांब कुठे आहे. ते नको म्हणाले. रोज दुपारी स्वतः यायचे. मी डबा भरेपर्यंत ओट्यावरच्या स्टुलावर बसायचे, ते स्टूलसुद्धा आधी हलवून बघायचे. एक पाय आखूड होता, तर दुसऱ्या दिवशी खिशातून लाकडाची चकती काढून त्यांनी ती खाली ठोकली. उंच, सडपातळ माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची छोटी पट्टी. विचार करताना डावा डोळा अर्धा मिटायचा, जन्माची सवय असल्यासारखा. पोळीच्या कडेवरून अंगठा फिरवून म्हणायचे, "आज इकडे एका सुताचा फरक आहे." ती तक्रार नसायची. टर्नरला जसं दिसतं तसं ते सांगायचे, आणि पोळी आवडीने खायचे.

गल्लीतली पोरं त्यांना कारतूस अंकल म्हणत. कारण भाऊजींकडे रायफल होती. तीनशे पंधरा बोअरची, लाकडी दस्त्याची, वडिलांच्या हाताची. वडील जंगलखात्यात होते. वडील गेल्यावर लायसन आपल्या नावावर करून घ्यायला भाऊजींनी कारखान्यातून किती रजा काढल्या त्याची गणतीच नाही. पण त्यांनी आयुष्यात एक चिमणी मारली नव्हती. त्यांना फक्त कागदावरच्या काळ्या गोलावर नेम धरायचा असायचा. रविवारी सकाळी कॅनव्हासच्या गवसणीत रायफल घालून, ती स्कूटरला आडवी बांधून ते शहराबाहेरच्या रायफल क्लबात जायचे. रविवारी ते चहा प्यायचे नाहीत. चहाने हात थरथरतो म्हणे.

मी ती जागा एकदाच पाहिली. क्लबाची वर्षाची स्पर्धा होती आणि पुरी-भाजीची ऑर्डर भाऊजींनी मला मिळवून दिली होती. टेकडीच्या पायथ्याशी मोकळं मैदान, समोर मातीचा मोठा बांध. तरुण पोरं जाड जाकिटं घालून पॉइंट टू टूच्या बारीक गोळ्या झाडत होती, लाह्या फुटाव्यात तशा. भाऊजी एका कडेला जुनी सतरंजी टाकून पालथे पडले होते. मी पातेली उतरवली, पुऱ्या लाटायला घेतल्या, पहिला घाणा तळून झाला, तरी त्यांची एक गोळी सुटली नव्हती. नुसता मधूनमधून टक असा आवाज यायचा. ते रिकामी रायफल ओढत होते. नेम धरायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं, टक. पुन्हा तेच.

शेजारचा एक पोरगा म्हणाला, "अंकल, अंडे से रहे हो क्या? बच्चा कब निकलेगा?"

भाऊजी तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "तू चला बेटा, मैं सुन रहा हूँ."

मग पाच गोळ्या झाडल्या त्यांनी. पाचच. प्रत्येकीनंतर माझ्या हातातली पुरी हलली. कागद जवळ आणल्यावर पाचही भोकं एका जांभळाखाली झाकली गेली असती अशी होती. त्या पोराने पुरी-भाजी भाऊजींजवळ बसून खाल्ली. त्यानंतर भाऊजी गुडघ्यांवर बसून गवतात हात फिरवायला लागले. मला वाटलं चष्मा पडला. ते झाडलेल्या गोळीचं मागचं पितळी टरफल शोधत होते. त्यांचा दुकानदार जुनी टरफलं परत बघितल्याशिवाय नवीन गोळ्या द्यायचा नाही. एक सापडत नव्हतं म्हणून सगळं मैदान ओकंबोकं झालं तरी ते थांबले, सापडल्यावरच उठले.

मी विचारलं होतं, इतकी कमी का झाडता. तेव्हा ते म्हणाले, "रिकामी रायफल ओढायला पैसे पडत नाहीत, वहिनी. फुकटात जेवढं शिकता येतं तेवढं शिकून घ्यायचं. मग पैसे घालायचे." आणि गोळीची किंमत सांगितली. माझ्या दोन डब्यांएवढी. मी मनात म्हटलं, पाच वेळा आवाज झाला, म्हणजे दहा माणसं जेवली. त्यांना काय वाटलं कोण जाणे, रायफल माझ्याकडे करून म्हणाले, एक झाडून बघा. क्लबाचे साहेब बघत होते, पोरं बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, दोन डबे जातील."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून ते गोळीचा भाव डब्यातच सांगायचे. भाव वाढला की ओट्याशी येऊन सांगायचे, "वहिनी, गोळी आता अडीच डबे झाली." पुढे तेलाचे भाव चढले, मला डब्याचे पैसे वाढवावे लागले. भीतभीतच सांगितलं. ते म्हणाले, "चला, परत दोनावर आलो."

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. कारखान्यातून सुटलेल्या माणसाचं पेन्शन केवढंसं असतं ते इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फंडाचा पैसा बायकोच्या दवाखान्यात गेला होता. पेन्शन आलं की भाऊजी मिनीबस पकडून जुन्या शहरात जायचे, गोळ्या आणायचे, आणि उरेल ते मला द्यायचे. आधी पूर्ण उरायचं. मग अर्धं. मग पुढच्या महिन्यावर जायला लागलं. हिशोब तेच ठेवायचे. महिन्याच्या सुरुवातीला ओट्यापुढे ताठ उभे राहून एकूण आकडा सांगायचे, शाळेत हजेरी द्यावी तसे. मी म्हणायचे, बघू. यापलीकडे मला काही म्हणता यायचं नाही.

नितीनला म्हणता यायचं. तो गाडीवर डबे पोचवतो, पेट्रोल त्याच्या खिशातून जातं. "मम्मी, सगळे अॅडव्हान्स देतात आणि कारतूस अंकलचं खातं अलग? वो गोली खाते हैं तो पेट में रोटी क्यों चाहिए?" मी त्याला गप्प केलं, पण भाऊजी स्टुलावर होते आणि त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी स्वतः डबा घेऊन गेले. दार उघडंच होतं. ते कुरमुरे खात बसले होते. मी डबा ठेवला आणि पळाल्यासारखी परत आले. त्याच्या पुढच्या दिवशी ते पुन्हा दुपारी ओट्यावर. म्हणाले, "नितीनचं चुकलं नाही. मी एक मार्ग काढलाय."

तो मार्ग म्हणजे टरफलं. गोळी झाडली की पुढचं शिसं जातं, आतली दारू जळते, पण पितळेचं टरफल तसंच राहतं, आणि गोळीत महाग काही असेल तर ते टरफलच. ते पुन्हा भरलं तर गोळी निम्म्या किमतीत पडते. बाहेरच्या देशांत लोक घरी भरतात. आपल्याकडे त्याला वेगळा परवाना लागतो आणि तो सहसा मिळत नाही. भाऊजींनी अर्ज केला होता. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ते काम अवघड नव्हतं, पण परवान्यावाचून ते टरफलाला हात लावणारे नव्हते. ते फक्त हिशोब करायचे. स्टुलावर बसून, हवेत बोट फिरवून. यंत्र एवढ्याला, दारू एवढ्याला, इतक्या वर्षांत यंत्राचे पैसे सुटतात, आणि मग, "वहिनी, मग एका गोळीचा एक डबा. तुमचे सगळे पैसे एका वर्षात फेडतो."

मला हसू आलं. ते म्हणाले, हसता का? मी सांगायला तयार नव्हते. त्यांनी हातातली पोळी खायची थांबवली, सांगा म्हणाले. मग मी खाली बघून सांगितलं की पापड विकत आणले तर घरात चार जण चार खातात, आणि घरी लाटले की तेच चार जण बारा खातात, वरून कच्च्या लाट्या मागतात.

"पापड जिभेवर चालतो," ते म्हणाले. "गोळी मोजून चालते. लोखंडाचं गणित वेगळं."

त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मलाही त्यांना पटवायचं नव्हतं. ते गणित करताना त्यांचा डावा डोळा मिटलेला असायचा आणि चेहऱ्यावरची सगळी वर्षं उतरून जायची.

त्याच सुमारास चिंचेचं झालं. भाऊजींकडे सारखे दिसणारे दोन डबे होते. एकात मी जेवण भरायचे, दुसऱ्यात ते टरफलं साठवायचे. एकदा घाईत भलताच डबा माझ्याकडे आला. मी उघडला तर आत काळवंडलेली पितळी नळकांडी. आदल्याच आठवड्यात माझा देवाचा तांब्या बघून ते म्हणाले होते की पितळ असं ठेवावं. मी समजले, घासायला दिलीत. मग काय, चिंच-मीठ लावून, राखेने घासून, सुपात पसरून उन्हात वाळवली. इतकी लखलखली की शेजारीण विचारायला आली, देवाला घुंगरं केलीस का. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी ती पाहिली. डावा डोळा मिटला, बराच वेळ मिटलेलाच राहिला. मग म्हणाले, "छान निघालीत." आणि तशीच घेऊन जुन्या शहरात गेले.

तिथे दुकानदाराने एक उचललं, उजेडात धरलं आणि काउंटरवर ठेवून दिलं. घरी गोळ्या भरणारे लोक टरफलं आधी अशीच साफ करतात. म्हणाला, "साहब, ये तो दुल्हन बनाकर लाए हो. घर में भर रहे हो क्या?" भाऊजींनी सांगितलं की एका वहिनींनी भांडी समजून चिंचेने घासली. दुकानदार म्हणाला, हे कागदावर लिहून द्या. भाऊजींनी लिहून दिलं. त्याने ते वाचलं, टरफल नाकाशी नेलं, पुन्हा वाचलं, आणि हसत हसत आतून मुलाला वास घ्यायला बोलावलं. गोळ्या मिळाल्या. मला त्याचा निरोप आला की कढया घासून हव्यात, वहिनी घेतील का काम.

हे सगळं भाऊजींनी मला नक्कल करून सांगितलं. सांगून झाल्यावर डबा उचलला आणि उठता उठता म्हणाले, "इतकी वर्षं सगळं परवानगीने करतोय, आणि तरी त्याला पहिल्यांदा तेच वाटलं." त्यानंतर टरफलं काळीच राहिली.

मग निवडणूक आली. निवडणुकीच्या आधी लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊजी रायफल ठेवून आले आणि घरातलं माणूस इस्पितळात ठेवल्यासारखे वागायला लागले. दर दोन-तीन दिवसांनी तेलाची कुपी आणि मलमलचं फडकं घेऊन ठाण्यात जायचे, पुसू द्या म्हणायचे. शिपाई म्हणाला, "काका, इसको बुखार थोड़े ही आया है." नंतर नंतर त्यालाच दया आली, तो स्वतःच विचारायचा, आज तेल आणलं नाही का.

रविवारी भाऊजींना करायला काही नव्हतं. सकाळीच ओट्यावर यायचे. चहा घ्यायचे. शेंगा सोलायचे, प्रत्येक दाणा सारख्या अंतरावर ठेवून. माझ्या गावाबद्दल विचारायचे. अचलपूरकडची माझी शाळा, गुरुजी, विहीर, असं काय काय मी सांगितलं, जे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. माझा आवाज मलाच नवीन वाटायचा. आणि गोळ्या घ्यायच्या नसल्यामुळे त्यांच्या हातात पैसा राहिला. एकदम बरीचशी उधारी त्यांनी फेडली. नोटा माझ्यापुढे ठेवून खुशीत म्हणाले, "असंच चाललं तर लवकरच खातं निल होईल."

मला आनंद झाला नाही. मी नोटा पदराला बांधल्या आणि आत जाऊन उगीच पिठाचा डबा उघडून बघत बसले. कारण त्यांची मुलगी मीनल नागपूरला होती आणि ती किती दिवसांपासून त्यांना तिकडेच या म्हणून मागे लागली होती, हे मला माहीत होतं. फोन माझ्या ओट्यावर बसूनच व्हायचा. आणि दर वेळी ते तिला एकच सांगायचे, "इथे माझी उधारी आहे. ती ठेवून मी गाव सोडणार नाही." बायको गेली, कारखाना सुटला. भोपाळात त्यांना धरून ठेवणारं माझ्या डब्यांच्या पैशांशिवाय काही उरलं नव्हतं. रायफल घरात असली की पैसे थकायचे, आणि पैसे थकले की ते राहायचे. निवडणूक संपली, रायफल सुटून आली, आणि मी त्या दिवशी शिरा केला. नितीनने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, रवा जुना झाला होता.

याला काय म्हणतात ते मला लिहिता येत नाही. मी पन्नाशी ओलांडलेली, मुलगा लग्नाचा. मला त्यांच्याकडून काही नको होतं. दुपारी ओट्यावर ते स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, तेवढा यावा असं वाटायचं.

त्या दिवाळीत मीनल आणि जावई आले. जावई कंपनीच्या कामाने काही वर्षं अमेरिकेत राहून आलेले. भाऊजींमुळे लागलेला रायफलचा नाद तिकडे वाढला होता आणि त्यांनी घरी गॅरेजमध्ये गोळ्या भरायचं यंत्र लावलं होतं, परवानगी असते तिकडे. भाऊजींनी मला पुरणपोळीला बोलावलं, म्हणजे करायला आणि जेवायलाही. सगळे ताटावर बसले आणि भाऊजींनी घासही न घेता विचारलं, जावईबापू, खरं सांगा, भरून वापरली तर पैसे वाचतात की नाही?

"वाचतात की, बाबा," जावई म्हणाले. "एका गोळीमागे निम्मे."

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या पाच भोकांच्या कागदाकडे पाहिलं होतं. पोळीवर तूप वाढून घेतलं. एवढ्यात मीनल म्हणाली, "बाबा, त्यांना हेही विचारा, यंत्र घ्यायच्या आधी महिन्याला गोळ्यांच्या किती डब्या लागायच्या आणि नंतर किती."

जावई हसायला लागले. "आधी एक. नंतर चार."

"म्हणजे खर्च दुप्पट," मीनल म्हणाली. "यंत्र वेगळं. आणि रविवार तर गेलेच. मी त्या गॅरेजला सवत म्हणायची."

सगळे हसलो. भाऊजीही हसले. मग ते जेवले, नीट जेवले, कोणाला काही जाणवलं नाही. मी भांडी आवरून निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. डोळे दोन्ही उघडे होते.

"वहिनी, गणित सगळं बरोबर होतं. त्यात मी स्वतःला धरलं नव्हतं." फाटकाची कडी हलवून बघत म्हणाले, "परवाना मिळाला असता तर मी रोज गेलो असतो. मला ठाऊक आहे मी कसा आहे. मग तुमचे पैसे कधीच फिटले नसते."

माझ्या मनात आलं, नसते फिटले तर काय झालं असतं? पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, "पुरण जास्त गोड झालं का?" ते म्हणाले, नाही, बेताचं होतं.

दिवाळीनंतर भाऊजींनी माझे पैसे फेडायला रायफल विकायला काढली. रायफल विकायची म्हणजे भाजी विकणं नव्हे. घेणाऱ्याकडे लायसन लागतं, कलेक्टर ऑफिसची परवानगी लागते, दुकानदार मधे लागतो. कागद फिरायला बरेच महिने गेले. त्या महिन्यांत भाऊजी रोज येत होते, पण रविवारीही चहा प्यायचे. सिहोरकडच्या एका माणसाने ती घेतली. त्याला शेतात रानडुकरं त्रास देत होती. भाऊजी म्हणाले, चांगला माणूस आहे, नळी आतून बघायची त्याला अक्कल आहे. यापेक्षा जास्त ते रायफलीबद्दल बोलले नाहीत.  ज्या दिवशी ती देऊन आले, त्या दिवशी डबा घेताना त्यांनी पोळी चाचपली नाही.

आणि मग ती सकाळ आली. मीनलची गाडी त्यांच्या घरापुढे उभी होती, सामान भरत होते. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, खरं तर एकाच मुठीत बोटं फिरवत होते. ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पट्टी. स्टुलावर बसले नाहीत. पाकीट काढलं, आकडा सांगितला, नेहमीसारखा ताठ उभं राहून, आणि नोटा एकेक करून ओट्यावर मांडल्या, कडेला कड जुळवून. नितीन दारात उभा होता. भाऊजी त्याला म्हणाले, तूही मोज. तो लाजला. म्हणाला, "अंकल, आप भी क्या."

"बरोबर आहे ना, वहिनी?"

बरोबर होतं. एक रुपयाचा फरक नव्हता. माझ्या आयुष्यात मी कोणाकडे थकलेले पैसे मागितले नव्हते, घासाघीस केली नव्हती, भाजीवाल्याशीसुद्धा नाही. त्या दिवशी मी तांदळाकडे बघत म्हटलं, "दिवाळीला फराळ नेला होता, त्याचे राहिलेत."

नितीन म्हणाला, "मम्मी!"

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. डावा डोळा हळूहळू अर्धा मिटला. फराळाचे पैसे मी कधी कोणाकडून घेत नाही, हे त्यांना इतक्या दिवाळ्यांत ठाऊक झालेलं होतं. मला वाटलं, आता ते म्हणतील, ते पुढच्या महिन्यात बघू. नागपूर काही लांब नाही, म्हणतील, ते द्यायला येईन.

त्यांनी खिशात हात घातला, पाचशेची नोट काढली, बाकीच्या नोटांवर ठेवली, आणि कड जुळवली. 

"आता?" ते म्हणाले.

गाडीचा हॉर्न वाजला. मी नोटा उचलल्या, कपाळाला लावल्या.

"झाले, भाऊजी," मी म्हटलं. "आता काही राहिलं नाही."